पुडीतलं बीट

माझी जाऊ इन्शिराह हसली की शेजारच्या गोठ्यातली गाढवं कान टवकारतात. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, तेव्हा चहाडीचा आळ माझ्यावर घेऊ नका. एका छपराखाली आम्ही दोघींनी इतकी वर्षं काढली, एकाच भट्टीत रोट्या भाजल्या, एकमेकींच्या म्हशी पिळल्या, आणि भांडलो तर अशा की वस्तीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या. तिच्याविषयी सांगायचा हक्क माझ्याइतका कोणालाच नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही, कारण तो बरीच वर्षं इथे नव्हताच.

तिचा नवरा मेतवल्ली म्हणजे माझा धाकटा दीर. लग्न झालं, थोरली रबाब पोटात होती, आणि हा निघाला जॉर्डनला, इमारतींवर विटा चढवायला. रमजानला यायचा, ईद झाली की जायचा. तो गेला की इन्शिराह घरी येऊन थेट गोठा झाडायला घ्यायची. तिला रडताना मी कधी पाहिलं नाही. गोठा मात्र असा लख्ख व्हायचा की म्हशींना ओळखू येऊ नये. एकदा तर छोट्या रबाबने बापाला ‘काका’ म्हटलं आणि पाहुण्याला द्यावं तसं अदबीनं पाणी आणून दिलं. मेतवल्ली हसला, पाणी प्यायला, आणि नंतर बराच वेळ गच्चीवर एकटा बसून राहिला.

मग एका ईदला तो परत गेलाच नाही. मला, म्हणजे वाएलच्या आईला, म्हणाला, “उम्म वाएल, झाल्या तेवढ्या विटा पुरे. आता मी चहा करणार आणि म्हशीशी गप्पा मारणार.”

आणि खरंच तो तेच करायला लागला. चहा मात्र बरा करायचा. इन्शिराह त्याला ऊठसूट हाका मारायची, काम नसलं तरी. “मेतवल्ली!” “काय गं?” “काही नाही.” असं दिवसभर. मी म्हटलं, नवी नवरी परवडली हिच्यापेक्षा.

पण घरात बसून चहा किती पिणार? शेत हवं. मेतवल्लीच्या वाट्याची जमीन वस्तीच्या पार टोकाला, बुरुल्लुस तळ्याकडे जाणाऱ्या चराला लागून. वाटणी अशी कशी झाली ते मला विचारू नका, माझ्याच नवऱ्याने केली होती. आमची वस्ती कालव्याच्या अगदी शेपटाला. नाईलचं पाणी वरच्या सगळ्या गावांची तहान भागवून उरलंसुरलं आमच्याकडे येतं, आणि त्यातलंही उरलंसुरलं त्या तुकड्यापर्यंत. उन्हाळ्यात तिथे मीठ फुटायचं. पायाखाली कुरकुर वाजायचं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणाची तरी पिठाची पोती फुटली.

आमच्याकडे हिवाळ्यात जो तो साखरेचं बीट करतो. बीट मोठं झालं की मोठं चिवट. खारट माती, खारट पाणी, कशालाच जुमानत नाही. पण कोंब असताना ते तान्ह्या बाळाहून नाजूक. मेतवल्लीने बी टोबलं, दोऱ्यासारखे कोंब वर आले, आणि आठवड्याच्या आत करपून गेले. परत टोबलं, परत करपले. पुढल्या हिवाळ्यातही तेच.

तेव्हा माझे यजमान, हाज शहाता, मधल्या खोलीत मांडी ठोकून बसले आणि त्यांनी निकाल सांगितला. जमीन कागदावर अजून सासऱ्यांच्याच नावावर, त्यामुळे थोरल्याचा शब्द चालतो.

“तुकडा हाज बय्यूमीला देऊन टाकू. तो मासे पाळेल. आणि मेतवल्ली, तुझा जॉर्डनचा मुकादम रोज फोन करतोय. इथे बसून तू करणार काय? जा.”

बय्यूमीने शेजारची सगळी शेतं खणून मासळीची तळी करून टाकली होती. त्याचा पोकलेन आमच्या बांधाला नाक लावून उभाच होता. एकदा तो आत शिरला की शेत संपलं. तळ्याचं पुन्हा शेत झालेलं आमच्यात तरी कोणी पाहिलेलं नाही. मेतवल्ली थोरल्या भावापुढे कधीच बोलत नाही, नुसता कपातल्या पुदिन्याच्या पानाकडे बघत बसतो.

बोलली ती इन्शिराह. “हाज, एक हंगाम मला द्या.”

“तुला? बी जळतंय तिथे. तू काय पेरणार?”

“पेरणार नाही. लावणार. भात लावतो तसं.”

ती भाताच्या गावची. आमच्या दक्षिणेला, जिथे पाणी गोडं आणि माती काळी. तिचं म्हणणं सरळ होतं. बाळ असताना मीठ सोसत नाही ना? मग बाळपण घराजवळच्या गोड मातीत काढू दे, जरा अंगाने भरलं की मग धाडू खाऱ्या रानात. मला ते एकदम पटलं. शहातांनाही पटलं असावं, कारण ते खाकरले आणि “बघा काय करायचं ते” म्हणून उठून गेले.

आमच्याकडे भातलावणीला बायका एकमेकींचा दिवस फेडतात. तू माझ्या शेतात राबलीस की मी तुझ्या. इन्शिराह सगळ्यांच्या शेतात राबलेली, त्यामुळे तिने हाक मारताच वस्ती लोटली. पुढे अतियात, आमची गाण्याची पुढारीण, आवाज असा की तळ्यावरचे बगळे उडावेत. परसातल्या वाफ्यातली रोपं उपटली, मुळं धुतली, जुड्या बांधल्या, आणि बायका वाकल्या. जन्मभर जे केलं तेच हातांनी केलं. रोप धरायचं, अंगठ्याने मुळासकट चिखलात दाबायचं, पुढे सरकायचं. सूर्य कलायच्या आत सगळा तुकडा लावून झाला.

आणि रोपं जगली! काय सांगू तुम्हाला. त्या पांढऱ्या फटक रानात हिरव्या ओळी उभ्या राहिल्या. शहाता नमाजाला जाताना मुद्दाम वाकडी वाट करून तिथून जायला लागले. इन्शिराह तर येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून शेतावर नेत होती. पानं हातहात लांब झाली. आम्ही सगळे पानांवरच खूश. खाली काय चाललंय ते कोणी बघितलं?

काढणीच्या दिवशी पहिलं बीट वर आलं आणि अतियात ओरडली, “अगं बाई, याने विजार घातलीय!”

खरंच. एका कंदाला दोन पाय. दुसऱ्याला तीन. काही मांडी घालून बसलेले, काही एकमेकांच्या गळ्यात पाय अडकवलेले. अख्ख्या शेतात एक सरळ बीट नाही. अतियातने एका फेंगड्या बीटाला आपल्या रुमालाचा फेटा बांधला, बांधावर बसवलं आणि म्हणाली, “या, हाज शहाता, चहा घेणार?” बायका पोट धरून खाली बसल्या. सगळ्यांत मोठ्याने इन्शिराह हसली. कारखान्याने ट्रॉली परत पाठवली, त्या पायांच्या बेचक्यांत बीटाहून चिखल जास्त होता. पुढे आमच्या म्हशींनी कितीतरी दिवस मेजवानी झोडली.

संध्याकाळी मी बघते तर इन्शिराह हौदाजवळ एकटीच, एक बीट धूत बसलेली. हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

“हे बघ,” ती म्हणाली. “इथे वाकलंय. आपल्या अंगठ्याने वाकवलंय. भाताला केसासारखी मुळं, त्याला दुमडा, मुडपा, त्याला राग नाही. याला बिचाऱ्याला एकच मूळ. आपण सगळ्यांनी मिळून ते मोडलं.”

“मग आता?”

“आता काय. मेतवल्लीने बॅग झटकून ठेवलीय,” ती म्हणाली, आणि बीट पुन्हा धुवायला लागली.

शुक्रवारी नमाजानंतर हाज बय्यूमी आमच्याकडे चहाला आला. पोटावर हात फिरवत, कोळंबी कशी वाढते त्याच्या गप्पा मारत. शहातांनी आत येऊन मला फर्मावलं, “चहा ठेव, बोलणी होतील.” इन्शिराहला विचारलं नाही, मला विचारलं नाही. जसं काही त्या रानात आम्ही दोघी फिरायलाच गेलो होतो. माझं डोकंच फिरलं. मी पातेलं पालथं घातलं आणि डोक्यावरचा पदर आवळला.

“चल गं इन्शिराह.”

“कुठे?”

“रुसून माहेरी.”

बाई रुसून माहेरी गेली की नवऱ्याने स्वतः तिकडे जायचं, चहा-साखर घेऊन, चारचौघांत तिची समजूत काढून तिला आणायचं. ही आमच्याकडची जुनी रीत, आणि बायकांच्या हातातली एकुलती एक लाठी. अडचण इतकीच की माझं माहेर आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून. तिथे रुसून जाण्यात काय मजा? म्हणून मी इन्शिराहच्या माहेरी रुसून गेले. जावेच्या माहेरी रुसून जाणारी मी आमच्या वस्तीतली पहिलीच.

तिची आई, खाला नबविया, जन्मभर जत्रांमधून तिर्मिस विकत आलेली. ते मिठात मुरवलेले पिवळे दाणे. आम्हाला दारात बघून म्हातारीने कोण, का, काही विचारलं नाही. “बरं झालं आलात. पीराचा उरूस उद्यावर आलाय, पुड्या वळायला हात नाहीत,” म्हणाली आणि जुन्या शाळेच्या पुस्तकांचा ढीग आमच्यापुढे टाकला.

इन्शिराह हे लहानपणापासून करत आलेली. पान फाडायचं, बोटाभोवती गुंडाळायचं, टोकाला एक मुरड. डोळा लवतो न लवतो तोच निमुळती पुडी तयार. मी चार केल्या तोवर तिच्या मांडीवर डोंगर. माझ्याही आणि तिच्याही तोंडाने शहातांचा उद्धार चालू होता. बोलता बोलता ती थांबली. पुडी हातात धरून, टोक खाली करून बघत राहिली.

“काय गं? भूत पाहिलंस?”

“उम्म वाएल, हा आकार कसला आहे?”

“पुडीचा.”

“नीट बघ. वर रुंद, खाली निमुळतं, सरळ.” तिने टोकाची मुरड उलगडून चिमूटभर तोंड उघडं ठेवलं. “यात गोड माती भरायची. एक बी टाकायचं. मूळ सरळ खाली उतरेल, दुसरीकडे जायला जागाच नाही. मग पुडीसकट रानात उभं करायचं. कागद कुजून जाईल. मुळाला कोणाचं बोट लागायला नको, माझंही नको, अतियातचं तर नकोच नको.”

खाला नबविया म्हणाली, “आधी तिर्मिसच्या पुड्या वळा, मग बीटाच्या बघू.”

इन्शिराह हसली. तेच ते हसू. कित्येक दिवसांनी. मला इतकं बरं वाटलं की मी पुढची पुडी चुकून उलटी वळली.

दोघं भाऊ आम्हाला न्यायला आले ते उरूस उलटून गेल्यावर. शहातांच्या हातात साखर आणि चहाची पुडकी, अंगाला करपलेल्या रोटीचा वास. खालाच्या ओट्यावर शेजारीपाजारी जमलेच होते. शहाता घसा साफ करत म्हणाले, “म्हैस पान्हा सोडत नाही. तुझा आवाज ऐकल्याशिवाय ऐकत नाही ती.”

“म्हशीसाठी आलात?”

“माझ्यासाठीही.” हे इतक्या हळू म्हणाले की मी परत म्हणायला लावलं. परत म्हणाले.

मग अटी ठरल्या. शहातांनी साऱ्या लोकांदेखत सांगितलं, “हा एक हिवाळा. बीट सरळ निघालं तर रान तुमचं, बय्यूमीला मी नाही म्हणून सांगेन. नाही निघालं तर पोकलेनही येणार आणि मेतवल्लीही जाणार. तेव्हा मग कोणी रुसायचं नाही.”

“नाही रुसणार,” इन्शिराह म्हणाली. मेतवल्लीने तिच्याकडे पाहिलं. आमची बोचकी त्याने एकट्याने उचलली, दोन्ही.

परीक्षा संपल्या होत्या. वस्तीतल्या यच्चयावत पोरांची पुस्तकं इन्शिराहने गोळा केली. भूगोल, गणित, व्याकरण, सगळ्याच्या पुड्या. दिवसभर कामं आणि दुपारी गच्चीवर पुड्या वळणं. मेतवल्लीच्या पुड्या कशाबशा पागोट्यासारख्या व्हायच्या. “विटा चढवणारा हात हा,” इन्शिराह म्हणायची, “याला कागद कळत नाही.” मग त्याला माती चाळायला बसवलं. कालव्यातला गाळ, जुनं शेणखत, थोडी रेती. टोमॅटोच्या पेट्यांत पुड्या एकीला एक खेटून उभ्या केल्या, प्रत्येकीत एक बी, वर पिण्याच्या पाण्याचा शिडकावा. आमच्या गच्चीवर आलात तर पाय ठेवायला जागा नाही.

कोंब आले आणि माझ्या बदकांनी दोन पेट्या साफ केल्या. इन्शिराहने सुरीच काढली.

“एकेकाची मान कापते!”

“माझी बदकं शिडी चढून वर गेली का? दार कोणी उघडं टाकलं?”

दार मेतवल्लीनेच उघडं टाकलं होतं. शिक्षा म्हणून तो लावणीपर्यंत गच्चीवर राखण बसला, डोक्यावर छत्री, हातात काठी. चहा मीच नेऊन द्यायचे. एकदा गेले तर तो रोपांशी बोलत होता. “लवकर मोठे व्हा रे बाबांनो,” तो म्हणत होता, “मला नाही जायचं.”

मी कप ठेवला आणि खाली आले. कोणाला सांगितलं नाही, आज सांगतेय.

कालव्याला पाण्याची पाळी आली. पहिल्या पाण्याने रान भरून टाकलं, मीठ खाली धुऊन चरात सोडलं. वाफसा आल्यावर सऱ्या पाडल्या. दुसऱ्या पाळीच्या तोंडावर पुड्यांच्या पेट्या गाढवांवर लादून निघालो. बायका पुन्हा जमल्या, फिदीफिदी हसतच. “विजारी शिवायला आलो,” अतियात म्हणाली.

आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी सगळ्यांत अवघड काम खणायचं नव्हतं की वाहायचं नव्हतं. अंगठा आवरायचं होतं. खुंटीने वरंब्याच्या कुशीत भोक पाडायचं, माथ्यावर नाही, कारण माथ्यावर मीठ चढून बसतं. त्यात पुडी उभी सोडायची, बाजूने माती सारायची, आणि हात मागे घ्यायचा. बस्स. पण ज्या हातांनी जन्मभर भात दाबला ते मागे कसे येणार? पुडी आत गेली रे गेली की अंगठा खाली. इन्शिराह ओळीमागे फिरत होती आणि ओरडत होती, “अंगठा! अतियात, अंगठा! अगं तो कापून घरी ठेव!”

शेवटी अतियातनेच उपाय काढला. आपल्या रुमालाची चिंधी फाडून तिने अंगठा तळव्याला बांधून टाकला. मग सगळ्यांनीच बांधले. चार चार बोटांच्या बायका, ओळीने वाकलेल्या, आणि अतियात गातेय, “बांधलं गं बाई चोराला, चोराला, सोडू सांज झाल्यावर.” पलीकडे पोकलेनचा ड्रायव्हर कामधंदा सोडून बघत बसला होता.

हिवाळा सरला. वरंब्यांचे माथे मिठाने पांढरे झाले, कुशी हिरव्या. पानं गेल्या खेपेपेक्षा रुंद. पण या वेळी पानांवर कोणी भुललं नाही. शहाता रोज शेतावर जायचे, बुडाशी वाकून बघायचे. “एक उपटून बघू,” म्हणायचे. इन्शिराह म्हणायची, “पोटातलं पोर बाहेर काढून बघतात का, मुलगा की मुलगी?” हाज बय्यूमी जाता-येता विचारायचा, “काय, कधी आणू मशीन?” जॉर्डनच्या मुकादमाने निर्वाणीचं सांगितलं, महिनाअखेर हो किंवा नाही कळव. त्या दिवसांत इन्शिराह नवऱ्याला विनाकारण हाका मारायची बंद झाली होती. सवय नको, म्हणाली मला. एवढंच म्हणाली.

काढणीच्या दिवशी सगळी वस्ती बांधावर. इन्शिराहने फावडं घेतलं नाही. “तुम्ही काढा, हाज,” ती शहातांना म्हणाली, “नंतर मला कोणी काही म्हणायला नको.”

शहातांनी बाह्या सारल्या, पानांचा जुडगा दोन्ही हातांनी धरला आणि ओढलं. हललं नाही. परत ओढलं. नाही. मेतवल्ली पुढे झाला, त्याला त्यांनी झटकलं. पाय रोवले, अल्लाचं नाव घेतलं, आणि जोर लावला. फट्कन आवाज झाला आणि माझे यजमान, वस्तीतले वडीलधारे हाज शहाता, पानांसकट उताणे सरीत पडले. छातीवर बीट. मांडीएवढं जाड, वर रुंद, खाली निमुळतं, पार शेपटीपर्यंत सरळ.

शहाता पडल्या पडल्याच ते बीट हातात फिरवून बघत होते. मग त्यांनी मान वळवून बय्यूमीला शोधलं आणि आडवे असतानाच म्हणाले, “हाज बय्यूमी, तुमचं मशीन दुसरीकडे न्या.”

पुढे जो गलका झाला तो काय सांगू. अतियातने जीभ नाचवत आनंदाचा असा उलुलु काढला की तळ्यापलीकडून कोणीतरी उत्तर दिलं. मेतवल्ली नाचला, विटांनी झिजलेल्या कमरेने जेवढं नाचता येईल तेवढं. सगळीच सरळ होती असं नाही. अतियातच्या ओळीत मधूनमधून विजारी निघाल्याच, आणि ती शपथेवर सांगत होती की त्या ओळी तिच्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरली. वजन करायला, पावती घ्यायला घरचा माणूस हवा, म्हणून मेतवल्ली बीटांच्या ढिगावर बसून कारखान्याला निघाला. दुपारपर्यंत येतो म्हणाला.

दुपार गेली. संध्याकाळ झाली. कारखान्यावर ट्रॉल्यांची रांग लागते, हे शेंबड्या पोराला माहीत. इन्शिराहलाही माहीत. तरी ती दारात. मी म्हटलं, “अगं, कारखान्यालाच गेलाय.” “माहितीये,” ती म्हणाली. सकाळी उठून बघते तर पुन्हा दारात, हातात पीठ मळलेलं तसंच. फोन लागत नव्हता, बॅटरी संपली असणार. मी तिची थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिचा चेहरा तसा झाला होता, जसा मी कधीच पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत तो चेहरा तिने कुठे ठेवला होता कोण जाणे.

“तो प्रत्येक वेळी म्हणायचा, लवकर येतो,” ती म्हणाली.

दुपार कलली तेव्हा रिकामी ट्रॉली खडखडत आली. मेतवल्ली तळाशी मातीत आडवा पडून घोरत होता, तोंड उघडं, कपड्यांचा रंग ओळखू येत नव्हता. ट्रॅक्टर थांबला तसा तो दचकून उठला. “काय ती रांग! कारखान्यापेक्षा जॉर्डन जवळ!” असं काहीसं बडबडत खाली उतरला.

इन्शिराह त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पिठाच्या हाताने तिने त्याच्या खांद्यावर एक फटका मारला. मग दुसरा. आणि मग भर रस्त्यात, सगळ्या वस्तीसमोर, ती हमसून हमसून रडायला लागली.

मेतवल्ली घाबरला. “अगं काय झालं? वजन चांगलं भरलं, सगळं घेतलं त्यांनी!”

“काल गेलास,” ती म्हणाली. रडता रडताच हसत होती. “काल गेलास आणि आज आलास.”